चौदावा संदर्भ

सकाळी आलेल्या गठ्ठ्यात तिला आपली आई सापडली. तिसऱ्या लेखात, चौथ्या पानावर, 'रुग्ण क्रमांक तीन' या नावाने. त्र्याहत्तर वर्षांच्या बाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त, उजव्या कानाने कमी ऐकू येते, पडण्यापूर्वी आधाराशिवाय चालत होत्या, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला अडखळून पडल्या, डावा खुबा मोडला. खरं तर हे वाचायचं तिचं कामच नव्हतं. तिचं काम लेखाच्या शेवटी सुरू व्हायचं, जिथे माणसं संपतात आणि संदर्भांची यादी लागते: आडनाव, आद्याक्षर, लेखाचं नाव, वर्ष, खंड, पानं. मधल्या मजकुरातून ती नुसती शब्दांच्या डोक्यावरचे बारीक आकडे वेचत जायची, बायका तांदळातले खडे वेचतात तशी, आणि तांदळाकडे तिचं लक्ष नसायचं. आज लक्ष गेलं ते टाकीच्या पाइपामुळे. तो पाइप तिला माहीत होता. दादाने तो तिथून हलवायचा म्हणून दोन वर्षं हलवला नव्हता.

डॉक्टरांच्या संघटनेचं हे त्रैमासिक एका दातांच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून दिवसभर काहीतरी घासल्याचा किणकिणता आवाज यायचा आणि जिन्यात प्लास्टरचा वास असायचा. संपादक म्हणजे निवृत्त सर्जन, त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लेखात काय लिहिलंय त्याच्याशी तुमचं देणंघेणं नाही. ते मी बघतो. तुम्ही फक्त सूची बघायची. तिथे एक पूर्णविराम इकडचा तिकडे झाला तर मी तुम्हाला धरणार." तिने ते वेदवाक्य मानलं होतं. एखादा खंड क्रमांक सापडेपर्यंत ती जेवायची नाही. मोठमोठ्या प्राध्यापकांना तिच्या शंका गेल्या की ते आधी चिडायचे, मग मुकाट्याने दुरुस्त करायचे. तिच्या मागे तिला सगळे स्वल्पविरामबाई म्हणायचे, हे तिला कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. बाहेर मात्र, बिल्डिंगमध्ये, नात्यागोत्यात, ती 'मेडिकल लाइनमधली' होती. कुणाचा रिपोर्ट आला, कुणाला गोळी बदलून दिली, की लोक तिला विचारायचे आणि ती सांगायची. आज सकाळीच अंकाची पानं लावणारा तिच्या टेबलाशी घुटमळून गेला होता. त्याच्या आईच्या पित्ताशयात खडे निघाले होते, डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते. "मॅडम, तुम्ही रोज हेच वाचता. तुम्ही सांगा, करावं का?" तिने चष्मा वर ढकलून "बघते हं" म्हटलं होतं, आणि ते म्हणताना अंगावरून मोरपीस फिरावं तसं नेहमीसारखं वाटलं होतं.

मग तिने पुढचं वाक्य वाचलं. "नातेवाईकांनी, कुटुंबातील वैद्यकीय क्षेत्रातील व्यक्तीच्या सल्ल्यावरून, शस्त्रक्रियेस नकार दिला. सातव्या आठवड्यात छातीत संसर्ग होऊन रुग्णाचा मृत्यू झाला." आई गेली हे तिला काही नव्याने कळायचं नव्हतं. पण त्या पहिल्या अर्ध्या वाक्याने तिला जे झालं त्याला आनंद म्हणायची लाज वाटली तरी तो आनंदच होता. कडू, गिळायला कठीण, पण आनंद. चार वर्षं ती जे म्हणत होती ते आता छापून येणार होतं. नातेवाईकांनी नकार दिला. नातेवाईक म्हणजे दादा, दुसरं कोण? आई त्याच्याजवळ राहायची, ती इकडे दुसऱ्या गावात. अंक छापून बाहेर पडायचा होता म्हणून ती तीन आठवड्यांनी पोहोचली तेव्हा आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, आणि वॉर्डातली तरुण डॉक्टरीण सहज बोलल्यासारखं बोलून गेली होती, "तेव्हाच ऑपरेशन झालं असतं तर आज चालल्या असत्या." तिने बाहेरच्या बाकावर बसलेल्या दादाला विचारलं होतं, "का नाही केलंस?" दादाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते बघणं तिने अपराध्याचं म्हणून मनात नोंदवून ठेवलं. आई गेल्यावर भरल्या घरात ती म्हणाली होती, "आईला तू मारलंस." वहिनी काहीतरी बोलायला पुढे झाली होती तर दादाने हाताने तिला मागे सारलं. त्यानंतर ती त्या घरी गेली नाही.

पण 'वैद्यकीय क्षेत्रातील व्यक्ती' हे काय नवीनच? ती विचार करू लागली आणि लगेच तिला सापडलं, जसा एखादा हरवलेला पान क्रमांक सापडावा. वहिनीचा भाऊ. त्याचं औषधाचं दुकान होतं, आणि दुकानातल्या फळीमागे उभा राहून तो जगाला सल्ले द्यायचा. अर्धी हळकुंडं आणि पिवळे झालेले लोक. त्याने सांगितलं असणार, खर्चाचं पाहा, वयाचं पाहा, आणि दादा मान डोलावत राहिला असणार. चार वर्षं ती एकट्या दादाला दोष देत होती, त्यात आता वाटेकरी मिळाला. तिने पेन्सिल उचलली. तिचा धंदाच हा होता. कुणी काही म्हटलं की, कोण म्हणालं? हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, आईकडून आलं होतं. आई आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज एकमेकांना जोडत बसली, त्यात एक कान गेला, पण घरात कुणी सांगोवांगीची बातमी आणली की ती चांगला कान पुढे करून विचारायची, "तू ऐकलंस, की ऐकलेलं ऐकलंस?" लहानपणी या प्रश्नाचा दोघा भावंडांना राग यायचा. शेजारणीचा नवरा पळून गेला इतकी रसाळ बातमी, आणि आई विचारते तू पाहिलंस का. नंतर नियमावलीत तिला हाच प्रश्न भेटला, जरा कोट-टाय घालून: लेखकाने स्वतः न वाचलेला मूळ लेख वाचल्यासारखा सूचीत देऊ नये. आणि दुसराही एक नियम होता. कुणी तोंडी सांगितलेली माहिती सूचीत घालायची नाही. मजकुरातच कंसात 'व्यक्तिगत संवाद' म्हणायचं, कुणाशी आणि केव्हा ते द्यायचं, आणि त्या व्यक्तीची लेखी संमती जोडायची. तिने समासात लिहिलं: "सल्ला देणारी व्यक्ती कोण? व्यक्तिगत संवाद असल्यास तपशील व संमती द्यावी, अन्यथा विधानास आधार नाही." अक्षर नेहमीपेक्षा टोकदार आलं. शंका लेखकाला मेलने गेली. आता लेखक रुग्णालयाची कागदपत्रं उघडणार, त्यात नाव निघणार, आणि औषधाच्या दुकानवाल्याच्या घरी संमतीचं पत्र जाणार. तिला तहान लागली.

लेखकाच्या उत्तराची वाट पाहावी असं काही नव्हतं. चार वर्षांनी दादाला फोन करायला तिला कारण हवं होतं आणि ते मिळालं होतं. दुपारी सगळे डबे खात असताना ती जिन्यात गेली. दादाचा आवाज आईच्या आवाजासारखा व्हायला लागला होता, प्रत्येक शब्द जरा मोठ्याने, पलीकडच्याला ऐकू जातंय की नाही अशा शंकेने.

"चिमे? बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. एक विचारायचंय. आईच्या ऑपरेशनला नको म्हणालास ते कुणाच्या सांगण्यावरून?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी गॅस बारीक केला.

"आता कशाला ते?"

"छापून येतंय. आमच्याकडेच आलंय. डॉक्टरांनी लिहिलंय, घरातल्या मेडिकलवाल्याने सल्ला दिला. वहिनीच्या भावाने ना? सरळ सांग."

"तो बिचारा कुठे होता तेव्हा? तो तर म्हणत होता लगेच करा." दादाने खाकरून घसा साफ केला. "छापताहेत? नाव आहे का कुणाचं?"

"नाव मी मागवलंय."

"का मागवलंस?" हे तो इतक्या हळू म्हणाला की ते दादाचंच वाक्य आहे यावर तिचा विश्वास बसेना. "चिमे, तू म्हणाली होतीस. मी फोन केला होता तुला, ऑफिसात. डॉक्टर बाहेर उभे होते. तू म्हणालीस, सत्तरीच्या पुढे ऑपरेशनने काही फरक पडत नाही, अभ्यास झालाय. मी त्यांना तेच सांगितलं, शब्दाला शब्द. ते म्हणाले, कोण म्हणतं? मी म्हटलं, बहीण आहे माझी, याच लाइनमध्ये आहे. मग ते म्हणाले, मग आम्ही काय सांगणार."

"मला आठवत नाही."

"नसेल. घाईत होतीस तू."

"मग मी घरात सगळ्यांसमोर बोलले तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"काय बोलणार होतो? तू एकटी राहतेस. म्हटलं, राहू दे आपल्या अंगावर. इकडे निदान दोन माणसं आहेत. तुझी वहिनी म्हणत होती सांगून टाका, मीच नको म्हटलं." आणि मग, "ते नाव नको छापायला लावूस हं. राहू दे तसंच."

जिन्यात प्लास्टरचा वास होता. खालच्या प्रयोगशाळेतून कुणाचे तरी दात घासून गुळगुळीत होत होते. आठवत नाही असं तिने म्हटलं तेव्हा ते खोटं नव्हतं, आणि फोन ठेवून ती टेबलाशी येईपर्यंत ते खरंही राहिलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. अंक त्या दुपारी छापायला जायचा होता. समोर एका लेखाचं प्रूफ, त्यात वाक्य: "सत्तरीपुढील रुग्णांत खुब्याच्या शस्त्रक्रियेने आयुर्मानात फरक पडत नाही", आणि त्याच्या डोक्यावर चौदा. चौदाव्या संदर्भाचा खंड क्रमांक गाळलेला. ती तोच शोधत होती आणि फोन वाजला. दादाचा घाबरा आवाज, आई पडली, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करू पण वयाचा धोका आहे, काय करू, तुला कळतं यातलं. आणि वाक्य समोर उघडं पडलेलं. तिने ते उचललं आणि दिलं, इतकंच. वर आपलं मीठही घातलं: "उगाच तिला कापाकापी नको." 'अभ्यास झालाय' म्हणताना जीभ किती सहज वळली होती. दादाने "बरं बाई, तू म्हणतेस तर" म्हटलं, तेव्हा तिला आईची काळजी वाटली होतीच, पण त्या काळजीच्या तळाशी ते मोरपीस होतं. मग तिने खंड क्रमांक शोधला. तो सापडला. त्या दिवशी ती खूश होती, चक्क खूश होती. आई दुसऱ्या गावात खाटेवर पडलेली आणि ही बाई खंड क्रमांक सापडला म्हणून खूश. असे सल्ले ती आठवड्याला दोन-चार देत असे, त्यातला हा एक. विसरायचं कामही तिने बाकीच्या कामांसारखंच चोख केलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणारं माणूस शेळ्या लक्षात ठेवत नाही.

तिने चौदावा संदर्भ काढला. नावं, वर्ष, खंड, पानं. सगळं तिला पाठ असल्यासारखं हाताशी आलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा एक अख्खा मूळ लेख वाचायला बसली. भाषा रुक्ष होती, कोष्टकं होती, आणि ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती, शाळेत वाचायची तशी. तो अभ्यास वृद्धाश्रमांतल्या माणसांचा होता. अशा माणसांचा, जी खुबा मोडायच्या आधीच वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती, चालणं म्हणजे काय हे ज्यांचं शरीर विसरून गेलं होतं. शेवटच्या पानावर लेखकांनी स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं की चालत्याफिरत्या रुग्णांना हे निष्कर्ष लावू नयेत. आई रोज सकाळी तीन मजले उतरून भाजी आणायची आणि वर येताना भाजीवाल्याने कसं फसवलं ते जिन्यातल्या प्रत्येक दाराशी सांगत यायची. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. लावू नयेत. कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं, छापून ठेवलं होतं, आणि तिला त्याचा खंड क्रमांक ठाऊक होता. मधल्या लेखकाने ते वाचलं नाही, त्याने कुठेतरी त्याचा सारांश वाचला. तिने त्याचं वाक्य वाचलं. दादाने तिचं ऐकलं. डॉक्टरांनी दादाचं ऐकलं. तू ऐकलंस, की ऐकलेलं ऐकलंस? चांगला कान पुढे करून आई विचारत होती आणि या साखळीत एकालाही 'मीच ऐकलं' म्हणता येत नव्हतं.

आज आलेल्या लेखाची सूची तिने अजून पाहिलीच नव्हती. पाहिली, तर नवव्या क्रमांकावर तोच अभ्यास होता, आणि त्याच्या आधाराने पुन्हा तेच वाक्य: फरक पडत नाही. म्हणजे आईच्या मरणाच्या शेजारीच, दोन परिच्छेद खाली. मग तिने दुसरी शंका लिहिली, आणि ही तिच्या अधिकारातली नव्हती. "संदर्भ नऊ: मूळ अभ्यासातील रुग्ण आधीपासून अंथरुणाला खिळलेले होते. हा आधार येथे लागू नाही. कृपया मूळ लेख वाचावा." शेवटच्या तीन शब्दांखाली तिने रेघ मारली, आणि मग ती रेघ कुणासाठी मारली हे कळून पेन्सिल खाली ठेवली.

दोन दिवसांनी लेखकाचं उत्तर आलं. अत्यंत नम्र होतं. सूक्ष्म तपासणीबद्दल आभार. नववा संदर्भ जुना झाल्याने वगळला असून त्याजागी अलीकडचा संदर्भ देत आहोत. तिने तो नवा संदर्भ पाहिला. तो त्यांच्याच त्रैमासिकातला होता, चार वर्षांपूर्वीच्या अंकातला. त्या दुपारी तिच्या समोर पडलेला लेख तोच. ज्यातलं वाक्य तिने फोनवर दिलं तोच. आडनाव, आद्याक्षर, वर्ष, खंड, पानं, सगळं बिनचूक होतं. पुढे लिहिलं होतं: सल्ला देणाऱ्या व्यक्तीची नोंद रुग्णालयात नाही, तेव्हा आपल्या सूचनेप्रमाणे निराधार भाग काढून टाकला आहे. खाली सुधारलेलं वाक्य होतं. "नातेवाईकांनी शस्त्रक्रियेस नकार दिला." वाक्य आता आटोपशीर झालं होतं. तिच्याच शंकेने ती त्यातून अलगद बाहेर पडली होती आणि दादा एकटा आत राहिला होता.

ती ते पान घेऊन संपादकांच्या खोलीत गेली. ते उभ्याने चहा पीत होते; ऑपरेशन थिएटरात आयुष्य गेल्याने त्यांना बसून काही सुचत नसे.

"सर, हे वाक्य पूर्वीसारखं ठेवायला हवं. तो सल्ला दिला होता. कुणी दिला ते मला माहीत आहे."

"मग संमती घ्या त्यांची आणि टाका कंसात."

"मी दिला होता, सर. ती माझी आई."

मग त्यांनी कप ठेवला, आणि त्यांच्या आवाजात खरीखुरी माया आली, त्यामुळे पुढचं जास्त लागलं. "अरेरे. मला माहीत नव्हतं हो. पण बाई, तुम्ही कुठे वैद्यकीय क्षेत्रातल्या? तुम्ही स्वल्पविराम बघता. म्हणजे ते विधान तसंही चुकीचंच होतं. काढलं ते उत्तम झालं. घरच्या माणसाने घाबरून काहीतरी बोलायचं, त्याचा कुणी संदर्भ देतं का?"

"आणि तो नवा संदर्भ, सर? तो आपलाच लेख आहे. त्यातलं वाक्य खोटं आहे. मी मूळ वाचलंय."

"तुम्ही वाचलंत," ते म्हणाले. चेष्टेने नाही, नोंद घेतल्यासारखे. "तो लेख तीन तज्ज्ञांनी तपासलाय. सूचीचं रूप बरोबर आहे ना? मग जाऊ द्या. सहा महिन्यांनी विसराल." त्यांनी तिला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं आणि दार स्वतः उघडून धरलं.

टेबलाशी येऊन तिने सूची वरपासून खालपर्यंत तपासली. एकही चूक नव्हती. सवयीच्या हाताने तिने शेवटी बरोबरची खूण केली. मग ती खूण नीट आली नाही म्हणून पुसून पुन्हा केली. दादा म्हणाला होता राहू दे तसंच, तसंच राहिलं होतं. त्याने अंगावर घेतलेलं आता त्याच्या अंगावर छापलं जाणार होतं, पानाच्या क्रमांकासकट, आणि पुढे कुणीतरी त्याचा संदर्भ देणार होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, आणि तो जाऊन बसेल अशी एकही जागा खोलीत नव्हती.

पानं लावणारा आत आला. खूण केलेला गठ्ठा उचलून तो तसाच उभा राहिला. "मॅडम, ते आईचं बघते म्हणाला होतात."

"मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मी सूची बघते फक्त. डॉक्टरांना विचारा."

"असं कसं? तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?"

"खरंच नाही कळत हो."

त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, मान हलवली आणि गठ्ठा घेऊन गेला. तिला हलकं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने कुणाला काही दिलं नव्हतं. खिडकीशी उभं राहून ती पाणी प्यायली. आणि मग बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. तो घरी फोनवर बोलत होता, दबक्या, जाणत्या आवाजात. "विचारलं मॅडमना. त्या काही हो म्हणाल्या नाहीत. तोंडावर कसं सांगतील? मीच ओळखलं चेहऱ्यावरून. डॉक्टरांना नको म्हणून सांग, थांबू या. अगं त्या रोज हेच वाचतात."

पेला खिडकीत तसाच ठेवून ती बाहेर धावली. वाटेत लागलेली खुर्ची आडवी झाली. "द्या इकडे, फोन द्या," म्हणत तिने त्याच्या हातातून तो जवळजवळ ओढून घेतला, आणि "हे बघा, मी काहीच म्हणाले नाही, माझं नाव घेऊन काही ठरवू नका, डॉक्टर सांगतात तेच करा," असं सगळं एका दमात सांगायला तोंड उघडलं. पण पलीकडे फोन हातोहात पुढे गेला होता. त्याच्या आईचा म्हातारा आवाज आला, प्रत्येक शब्द जरा मोठ्याने.

"मॅडम का? बोला बाई. तुम्ही म्हणाल तसं करू."